थीम पार्कच्या सहलीचा हंगाम : सिरोंच्याच्या अंगाने एक आढावा

थीम पार्कची सहल कोणत्या दिवसांत करावी, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवेपुरते हे उत्तर खरे आहे. पण कुटुंबाची सहल नुसत्या हवेवर ठरत नाही. शाळेला सुट्टी कधी, घरात पैसा कधी येतो, रस्ता कधी धड असतो आणि त्याच दिवसांत आणखी किती लोक तिकडे निघतात, या चार गोष्टी हवेइतक्याच, काही वेळा हवेहूनही जास्त वजनाच्या असतात. मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला यातल्या दोन-तीन गोष्टींकडे काणाडोळा करता येतो; पार्क दोन तासांवर असते आणि एक रविवार हुकला तर पुढचा आहेच. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याहून निघणाऱ्या कुटुंबाला ही सवलत नाही. वर्षातून, कधी दोन वर्षांतून एकदा बेत जमतो. तो चुकीच्या आठवड्यात गेला तर पैसा, रजा आणि मुलांचा उत्साह तिन्ही वाया जातात.

आधी पार्क कोणते, हे ठरवावे लागते, कारण हंगाम त्यावर अवलंबून आहे. सिरोंचा प्राणहितेच्या काठी आहे. थोडे खाली कालेश्वरमजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. इथून नागपूर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि त्यातला आलापल्लीपर्यंतचा टप्पा जंगलातून जातो. हैदराबाद मात्र पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटरांवर आहे. गोदावरी आणि प्राणहितेवर पूल झाल्यापासून तेलंगणाची वाट बारमाही झाली आणि दवाखाना, कपडालत्ता, लग्नाची खरेदी या सगळ्यासाठी तालुक्याचा ओढा वरंगल, मंचेरियाल, हैदराबाद असा आणखी वाढला. घराघरांत तेलुगू बोलली जाते, त्यामुळे परमुलखाचा धाकही नाही. खोपोलीजवळचे इमॅजिका किंवा मुंबईतल्या गोराईचे वॉटर किंगडम राज्यातलेच खरे, पण सिरोंच्यासाठी ती हजारेक किलोमीटरांवरची गोष्ट आहे. नागपूरजवळ अमरावती रस्त्यावर बाजारगावला फन अँड फूड व्हिलेज आहे. नागपुरात नातेवाईक असतील तर ते सोयीचे. बाकीच्यांचा हिशेब हैदराबादचाच, म्हणून पुढचा विचारही मुख्यतः हैदराबाद धरून केला आहे.

हैदराबादेत दोन मोठी ठिकाणे आहेत आणि दोन्ही शहराबाहेर, आउटर रिंग रोडच्या लगत आहेत. रामोजी फिल्म सिटी विजयवाडा महामार्गावर आहे. चित्रपटनिर्माते आणि ‘ईनाडू’ या दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी ती 1996 मध्ये उभारली. क्षेत्रफळ सोळाशे एकरांच्या वर असून जगातले सर्वांत मोठे चित्रनगरी संकुल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. ‘बाहुबली’च्या माहिष्मतीचा सेट तिथे पाहायला ठेवलेला आहे. दुसरे ठिकाण वंडरला. कोची आणि बंगळूरुनंतर या कंपनीचे तिसरे पार्क रावीर्यालला एप्रिल 2016 मध्ये सुरू झाले. वरंगलकडून येणाऱ्या गाडीला घटकेसरला रिंग रोड मिळतो. तिथून दक्षिणेकडे वळले की पेद्दा अंबरपेटला उतरून रामोजीला आणि आणखी पुढे गेल्यावर वंडरलाला, शहरात न शिरता पोहोचता येते. शहरातल्या ठिकाणांपैकी लोअर टँक बंडवरचे स्नो वर्ल्ड बंदिस्त आहे. तिथल्या कृत्रिम बर्फाला बाहेरच्या ऋतूशी देणेघेणे नाही.

या दोन पार्कांचा स्वभाव वेगळा आहे आणि हंगाम ठरवताना हाच फरक सर्वांत आधी विसरला जातो. रामोजी हे पाहण्याचे ठिकाण आहे. सकाळी आत शिरल्यावर उघड्या लाल बसमधून सेट पाहायचे, उतरून चालायचे, पुन्हा बस धरायची, मधे स्टंट शो आणि नाचगाण्याचे कार्यक्रम, पक्षी आणि फुलपाखरांच्या बागा. संध्याकाळपर्यंतचा बहुतेक वेळ उघड्यावर जातो. वंडरला हे भिजण्याचे आणि पाळण्यांत बसण्याचे ठिकाण आहे. पहिल्याला ऊन बाधते. दुसऱ्याला थंडी बाधते आणि वीज-वादळ तर बाधतेच, कारण आभाळ कडाडू लागले की उंच राइड थांबवतात. ‘हैदराबादची सहल’ असे एकच नाव देऊन एकच महिना काढला, की दोहोंपैकी एका ठिकाणी फसगत ठरलेली.

आता ऋतू क्रमाने घेता येतात.

उन्हाळा हा सगळ्यांना सुचणारा हंगाम, कारण सुट्टी लांब असते. विदर्भातल्या शाळा मेच्या सुरुवातीला बंद होतात आणि उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा आठवडाभर उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला उन्हाचे काय सांगायचे, असे म्हणून मेमध्ये रामोजीला निघणे हा शहाणपणा नव्हे. चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो त्या दिवसांत हैदराबाद चार-पाच अंशांनी उतरते असते. शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, त्याचा हा फायदा. तरीही 40 अंशांत डांबर आणि काँक्रीटवर दिवसभर चालणे हे घरच्या पडवीत बसून 45 सोसण्यापेक्षा कठीण असते. थीम पार्क आणि ऊन यांचे वैर जुने आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले तेव्हा पारा 38 अंशांच्या आसपास होता. ताजे डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या आणि नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. पुढच्या पिढीतल्या पार्कांनी यातून धडा घेतला. अबू धाबीत 2010 मध्ये उघडलेले फेरारी वर्ल्ड भल्यामोठ्या छपराखाली आहे, तर दुबईचे ग्लोबल व्हिलेज उन्हाळाभर सरळ बंदच असते. रामोजीला असे छप्पर नाही.

वॉटर पार्कला मे चालतो, काही अटींवर. दहा-साडेदहाला आत, दुपारी बारा ते तीन सावलीत किंवा जेवणात, पुन्हा चारनंतर पाणी, हा क्रम पाळता आला तर मुले आनंदात असतात. अनवाणी पायांना फरशा भाजतात, म्हणून दुपारी एका पोहण्याच्या तलावाकडून दुसऱ्याकडे जाताना लहान मुलांना उचलून न्यावे लागते. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात. सुती साडी, सुती सलवार किंवा जीन्स घालून सोडत नाहीत. ते कपडे भाड्याने किंवा विकत मिळतात, पण मेच्या रविवारी त्या खिडकीसमोरची रांग एखाद्या राइडच्या रांगेहून लांब असू शकते. घरून नेलेले बरे. मेची खरी अडचण मात्र गर्दी. तेलंगणाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून 11 जूनच्या सुमारापर्यंत असते. म्हणजे सिरोंच्याची मुले मोकळी असतात तेव्हा हैदराबाद, वरंगल, करीमनगरची मुलेही मोकळी असतात आणि तीही तिथेच येतात.

गावाच्या बाजूनेही मे अडचणीचा आहे. एप्रिलअखेर तेंदूचा हंगाम लागतो. पहाटे पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. यात आईबाप, आजी, शाळेतून सुटलेली मुले सगळीच गुंततात. दोन-तीन आठवड्यांच्या या कामावर कुटुंबाचा बराच वर्षखर्च निघतो, त्यामुळे तेंदूवर जगणाऱ्या घरात मेमधल्या सहलीचा विषयच निघत नाही. नोकरदारांच्या घरी निघतो, पण त्यांनाही याच महिन्यात लग्नांची आमंत्रणे टाळता येत नाहीत.

उन्हाळ्याला एक शेपूट आहे आणि सिरोंच्याच्या दृष्टीने तेच त्याचे उत्तमांग. 12 जूनच्या आसपास तेलंगणाच्या शाळा उघडतात. विदर्भाच्या उघडायला अजून दहाएक दिवस असतात. मधल्या या दिवसांत हैदराबादची पार्के शाळा सुरू झाल्यामुळे ओसरलेली असतात आणि सिरोंच्याची मुले अजून सुट्टीवर असतात. मोसमी पाऊस तेलंगणात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो, पारा पस्तिशीखाली येऊ लागतो, पण जुलै-ऑगस्टचा झोड पाऊस अजून दूर असतो. वंडरलासारख्या ठिकाणासाठी इतके सोयीचे दिवस वर्षात दुसरे नाहीत. मुंबई-पुण्यासाठी असे दिवस नसतातच, कारण तिथल्या शाळा आणि तिथली पार्के एकाच राज्याच्या वेळापत्रकावर चालतात. शेतकरी कुटुंबाला मात्र हा काळ उपयोगाचा नाही. मृग लागलेला असतो, बियाणे घरात येऊन पडलेले असते आणि पहिल्या पावसाची वाट पाहताना कोणी गाव सोडत नाही. 2027 साली याच सुमारास आणखी एक गोष्ट आड येईल. गोदावरीचे पुष्कर, म्हणजे नदीस्नानाचे पर्व, दर बारा वर्षांनी येते. मागचे जुलै 2015 मध्ये झाले, पुढचे 2027 च्या जूनअखेरीस लागते. कालेश्वरमला तेव्हा लाखोंनी लोक येतात आणि सिरोंच्याहून हैदराबादचा रस्ता नेमका कालेश्वरमवरून जातो. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचे पुष्कर होते तेव्हा सिरोंचा गावच बारा दिवस यात्रास्थळ झाले होते, त्यामुळे ही गर्दी काय असते हे गावाला वेगळे सांगायला नको.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात आटपता येते. हैदराबादचा पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे गडचिरोलीच्या मानाने बराच कमी. तिथे जुलै-ऑगस्टमध्येही निम्म्याहून अधिक दिवस पार्क व्यवस्थित चालते आणि गर्दी वर्षातली सर्वांत कमी असते. अडचण तिथल्या पावसाची नाही, इथल्या पावसाची आहे. आलापल्ली-सिरोंचा रस्ता पावसाळ्यात नाल्यांनी अडतो आणि खड्ड्यांनी छळतो. तालुक्याच्या दुसऱ्या बाजूला नद्या फुगतात. जुलै 2022 मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने काठची गावे पाण्याखाली गेली, शेकडो कुटुंबांना हलवावे लागले. गोदावरीवरच्या मेडिगड्डा धरणाच्या फुगवट्याविरुद्ध शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासून अधिक तीव्र झाली. ज्या पंधरवड्यात रात्री नदीची पातळी विचारत झोपावे लागते, त्या पंधरवड्यात सहलीचे तिकीट काढून ठेवणे कोणालाच सुचत नाही. पार्कांची पावसाळी सवलत वरंगल-करीमनगरच्या लोकांसाठी ठीक. तुलनेसाठी, खोपोलीजवळच्या इमॅजिकाला घाटाच्या पायथ्याचा पाऊस सोसावा लागतो, तिथे पावसाळा हा प्रश्न पार्काच्या आतच उभा असतो. जपानमध्ये टोकियो डिस्नेलँड 1983 मध्ये बांधताना प्रवेशाजवळच्या बाजारावर काचेचे छत घातले गेले, कारण तिथे पाऊस हा अपवाद नव्हता.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर फसवे असतात. पाऊस संपल्यासारखा वाटतो, पण बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे तेलंगणावर येत राहतात. 13 आणि 14 ऑक्टोबर 2020 ला हैदराबादेत पूर आला तो अशाच पट्ट्याने. त्यात दसरा. तेलंगणात बतुकम्मा आणि दसरा मिळून शाळांना जवळजवळ दोन आठवडे सुट्टी मिळते, महाराष्ट्रात दसऱ्याचा एकच दिवस. या काळात पार्कात जावे तर आपली मुले शाळा बुडवून आणि तिकडची मुले सुट्टी घेऊन, असा उलटा मेळ बसतो. दसरा टाळावा.

दिवाळीत हाच मेळ सुलटा होतो. महाराष्ट्रात शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते. तेलंगणात दिवाळीचा एखादा दिवस आणि पुन्हा शाळा. सिरोंच्याच्या मुलाला भाऊबीज झाल्यावर आठवडा उरतो आणि त्या आठवड्यात हैदराबादची मुले वर्गांत बसलेली असतात. महाराष्ट्र-गुजरातचे पर्यटक या दिवसांत हैदराबादला येतात, त्यामुळे रामोजी ओस पडलेले नसते. तरी स्थानिक गर्दी नसल्याचा फरक मोठा असतो, विशेषतः सोमवार ते गुरुवार. इमॅजिकाला याच आठवड्यात अख्खी मुंबई आणि पुणे लोटते. दूर असण्याचा एक फायदा सिरोंच्याला मिळतो तो इथे.

मात्र दिवाळी दरवर्षी एकाच हवेत येत नाही. चांद्र महिन्यांमुळे ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की जवळपास वीस दिवसांनी पुढे जाते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आले. 2024 मध्ये ते 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ते पुन्हा 8 नोव्हेंबरला जाते. नोव्हेंबरातली दिवाळी आली की हवा कोरडी, दुपार तिशीच्या आत आणि संध्याकाळ गार. रामोजीसाठी याहून चांगले दिवस मागू नयेत. ऑक्टोबरातली दिवाळी आली की दुपारी ऑक्टोबर हीट आणि मधेच एखादी सर. तेव्हा सहल ठरवणाऱ्याने नव्या कालनिर्णयात दोनच गोष्टी पाहाव्यात : या वर्षी अधिक मास आहे का आणि लक्ष्मीपूजन कोणत्या महिन्यात येते. उशिरा दिवाळीच्या वर्षी रामोजी, लवकर दिवाळीच्या वर्षी वंडरला, असा साधा नियम बसतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी गोड लागते. नोव्हेंबरच्या मध्यानंतर भिजलेली मुले पाचच्या पुढे कुडकुडू लागतात.

या हंगामाची उणीव पैशाची आहे. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला आलेले असते किंवा नुकते कापून पडलेले असते. मळणी, विक्री आणि रक्कम हातात येणे हे पुढचे काम. कापसाची वेचणी नुकती सुरू. दुकानदार, शिक्षक, वनखात्याचे कर्मचारी यांना दिवाळीची सुट्टी नेमकी बसते. शेतकऱ्याला ती सुट्टी मिळते, पैसा मिळत नाही. सुगीच्या या दिवसांत माणूस मोकळा तर त्याहून नसतो.

डिसेंबर-जानेवारी हा पत्रकांनी वाखाणलेला हंगाम. हवा खरोखर उत्तम असते. हैदराबादची पहाट 14-15 अंशांपर्यंत उतरते, दुपार 28-29 ची. रामोजी डिसेंबरच्या मध्यापासून विंटर फेस्ट भरवते, रोषणाई आणि संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी पार्क उशिरापर्यंत उघडे राहते. पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा हैदराबादच्या नोकरदारांचा आहे आणि महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या शाळांना त्यात नाताळचा एकच दिवस. शिवाय आठवड्याचा मधला दिवस रिकामा असतो हा सर्वसाधारण समज या दोन महिन्यांत चालत नाही, कारण हे शालेय सहलींचे महिने आहेत. एसटी शाळांना सहलीसाठी निम्म्या भाड्यात गाड्या देते. तेलंगणातल्या शाळाही याच दिवसांत निघतात. मंगळवारी सकाळी पार्काच्या दारात एकसारख्या गणवेशातली तीन-चारशे मुले उभी दिसली तर नवल नाही. छोट्या कुटुंबाने अशा दिवशी उलट्या टोकाने सुरुवात करावी : शाळा आधी मोठ्या राइडकडे धावतात, तेव्हा आतल्या खेळांकडे जावे.

संक्रांत हा दुसरा टाळायचा आठवडा. तेलंगणात सुट्टी असतेच, शिवाय हैदराबादेत राहणारी लाखो आंध्र मंडळी गावाकडे निघतात आणि विजयवाडा महामार्ग पंतंगीच्या टोल नाक्यापर्यंत तुंबतो. रामोजी याच महामार्गावर, नाक्याच्या अलीकडे आहे. 12 ते 18 जानेवारीच्या दरम्यान त्या रस्त्याला लागणे म्हणजे सहलीचा अर्धा दिवस गाडीत काढणे.

जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी हे शेतकरी कुटुंबासाठी सर्वांत योग्य दिवस आहेत. धान विकून झालेले असते, कापसाचे बरेचसे पैसे आलेले असतात, हवा अजून सौम्य असते आणि पार्कात गर्दी उतरणीला लागलेली असते. अडचण शाळेची, दोन दिवस बुडवावे लागतात. प्राथमिक वर्गांत ते चालून जाते, दहावी-बारावीच्या मुलाच्या घरी या महिन्यांचे नावही काढू नये. ज्या घरातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात त्यांना मात्र हे दिवस मोकळे नसतात. जानेवारीपासून पुढे गडचिरोली-चंद्रपूरचे हजारो मजूर खम्मम, वरंगल, भूपालपल्लीच्या शेतांवर असतात. त्यातल्या काही कुटुंबांनी हंगाम संपवून परतताना मुलांना हैदराबाद दाखवले तर तो सर्वांत व्यवहारी बेत म्हणावा लागेल, पण तोवर मार्च उजाडतो.

फेब्रुवारीच्या बेताला एक सावधगिरी हवी : मेडारम. मुलुगू जिल्ह्यातल्या या गावी सम्मक्का-सारलम्माची जत्रा दर दोन वर्षांनी माघात भरते. ती 2024 मध्ये 21 ते 24 फेब्रुवारीला झाली आणि 2026 मध्ये 28 ते 31 जानेवारीला होती, म्हणजे सम वर्षांत. गडचिरोलीतून हजारो आदिवासी भाविक सिरोंचा-हैदराबादच्या याच मार्गाने जातात. भूपालपल्ली ते वरंगल हा एरवी दीड-दोन तासांचा टप्पा त्या आठवड्यात किती वेळ घेईल याचा अंदाज बांधता येत नाही. ज्यांना जत्रा करायचीच आहे त्यांनी ती करावी आणि पार्क पुढच्या खेपेला ठेवावे. दोन्ही एका फेरीत बसवण्याचा मोह महागात पडतो. मंचेरियालहून रेल्वेने सिकंदराबाद गाठणे हा या आठवड्यातला दुसरा मार्ग, पण काझीपेटला जत्रेची गर्दी गाड्यांतही असते.

मार्चपासून ऊन चढते आणि होळीनंतर रामोजीचा विचार सोडावा. महाशिवरात्रीला कालेश्वरम आणि चामोर्शीजवळच्या मार्कंडा या दोन यात्रा घरापासून जवळच भरतात. त्या आठवड्यात तालुक्याची सहलीची हौस तशीही तिकडेच फिटते.

हंगामात आणखी काही उपहंगाम असतात ते घराच्या रचनेवर ठरतात. सहा वर्षांखालचे मूल असेल तर ऊन आणि रांग दोन्ही सोसवत नाहीत; त्याला थंडीतले रामोजी ठीक, कारण बसमधून बरेच पाहून होते. मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि तिकीटही सहसा वयाऐवजी उंचीवर ठरते, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलाला पाण्याबाहेरच्या थरारक राइड बहुधा बंदच असतात. त्याच्यासाठी पाणी हेच आकर्षण, म्हणजे जून. दहा-बारा वर्षांनंतर उंची वाढते आणि कोणताही ऋतू चालतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर नोव्हेंबरचे रामोजी आणि एक रात्र मुक्काम. त्यांना वॉटर पार्कच्या दारात तिकीट काढून दिवसभर पिशव्या राखायला बसवणे बरे दिसत नाही, आणि स्वस्तही पडत नाही.

पैशाच्या अंगाने पाहिले तर बहुतेक मोठी पार्के आता दिवसागणिक दर बदलतात. शनिवार-रविवार, सणाचे आठवडे आणि मे महाग. जून-जुलै आणि कामाचे दिवस स्वस्त. आगाऊ ऑनलाइन काढलेले तिकीट खिडकीपेक्षा कमी पडते. सिरोंच्याच्या कुटुंबाच्या खर्चात मात्र तिकिटापेक्षा प्रवास आणि मुक्काम यांचा वाटा मोठा असतो, म्हणून तिकिटात वाचलेले शे-दोनशे रुपये पाहून वाईट महिना निवडू नये. तेलंगणात डिसेंबर 2023 पासून तिथल्या रहिवासी महिलांना सरकारी बस मोफत झाली आहे. सिरोंच्याच्या महिलेला सवलत नाही, पण त्यामुळे झालेली गर्दी तिच्या वाट्याला येतेच. सणाच्या दिवसांत कालेश्वरम किंवा भूपालपल्लीहून बस धरायची तर मुले आणि सामान घेऊन जागा मिळवणे अवघड. चार-पाच जणांनी मिळून गाडी करणे परवडते, मात्र परतीचा जंगलातला आणि नदीकाठचा टप्पा अंधार पडण्याआधी आटोपावा, हा इथला जुना रिवाज आजही मोडू नये. हिवाळ्यात दिवस सहाच्या आत मावळतो. पार्कात रोषणाईपर्यंत थांबायचे तर त्या रात्रीचा मुक्काम हैदराबादेत धरलेलाच असावा.

एवढे जुळवूनही काही वर्षे काहीच जुळत नाही, तेव्हा जवळच्या ठिकाणांचा हंगामही ठाऊक असलेला बरा. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या खडकांत डायनासोरची हाडे आणि दगड झालेली झाडे सापडतात. इथल्या बारापासॉरस या महाकाय प्राण्याला 1975 मध्ये शास्त्रीय नाव मिळाले, त्यातला दुसरा शब्द रवींद्रनाथ टागोरांवरून घेतला आहे आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. कृत्रिम डायनासोर पाहायला लोक शहरांतल्या पार्कांना तिकीट काढून जातात. खरा इथल्या मातीतला. वडधमला सावली कमी, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ हीच योग्य वेळ. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. आलापल्लीच्या जंगलात सागाचे ओंडके ओढण्यासाठी पूर्वी जे हत्ती होते, त्यांची ही परंपरा. पावसाळ्यात तिथला रस्ता त्रास देतो, मे सोसत नाही, डिसेंबर उत्तम. जानेवारीत मात्र जाण्याआधी विचारून घ्यावे : थंडीत हत्तींच्या तळपायांना भेगा पडू नयेत म्हणून वनौषधींचा उकळलेला लेप लावून त्यांचे पाय शेकतात, त्याला चोपिंग म्हणतात, आणि ते चालू असेपर्यंत हत्ती सुट्टीवर आणि कॅम्प पर्यटकांना बंद असतो.